चाळण लावणाऱ्या शाळा

दिवाळी संपली की आमच्या सांगली-साताऱ्याकडे दोन हंगाम बरोबरच सुरू होतात. एक उसाचा आणि दुसरा परीक्षांचा. एकीकडे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात आणि दुसरीकडे चौकाचौकात फ्लेक्स लागतात. 'नवोदय, सैनिक स्कूल, स्कॉलरशिप... हमखास यश!' फ्लेक्सवर गेल्या वर्षी निवड झालेल्या दहा-अकरा वर्षांच्या पोरांचे फेटे बांधलेले फोटो असतात. कौतुक वाटतंच. पण ज्यांचे फोटो नाहीत त्या पोरांचं काय झालं असेल, असंही मनात येऊन जातं. मास्तरकी केलेल्या माणसाची खोड, ती काही जायची नाही!

आमच्या नात्यातल्या तरुण आईबापांचे हल्ली फोन येतात. "काका, पोराला नवोदयला बसवावं का? सैनिक स्कूलचा क्लास लावू का?" मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. या निवडक मुलांच्या सरकारी शाळा आपल्याकडे कशासाठी आल्या, आणि तिथे आज कोण पोचतं?

आधी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या भागातली शिक्षणाची मोठी परंपरा चाळण लावणारी नव्हती. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं काढली आणि १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यांच्याच वळणावर गेलेले भाऊराव पाटील. जन्म कुंभोजचा, पण मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, म्हणजे आपल्या वाळवा तालुक्यातलं. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातीधर्मांची पोरं एका पंगतीला! १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं.

त्या वसतिगृहात शिरायला बुद्धिमत्ता चाचणी नव्हती. पोरगं गरीब आहे, शिकायची इच्छा आहे आणि हाताने काम करायची तयारी आहे, एवढं पुरे होतं. स्वतः भाऊराव मॅट्रिकसुद्धा झालेले नव्हते. दहाव्या वर्षी त्यांना कुणी परीक्षेला बसवलं असतं तर ते निवडले गेले असते का, हा विचार माझ्या मनात बऱ्याचदा येतो.

परीक्षा तेव्हाही होत्याच म्हणा. आमच्या वडिलांच्या पिढीत सातवीची व्हर्नाक्युलर फायनल ही मोठी परीक्षा होती. व्ह.फा. झालेला माणूस गावात शिक्षक व्हायचा, तलाठी व्हायचा. पुढे स्वातंत्र्यानंतर चौथी आणि सातवीची स्कॉलरशिप आली. गावात एखादं पोर स्कॉलरशिपला लागलं तर मास्तर स्वतः पेढे वाटायचे. रक्कम किरकोळ असायची, पण मान मोठा. मात्र स्कॉलरशिप मिळाली काय किंवा न मिळाली काय, पोरगं बसायचं त्याच वर्गात, त्याच मित्रांशेजारी. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. परीक्षेने पोरांचा क्रम लागायचा, पण त्यांची ताटातूट होत नव्हती.

ताटातूट सुरू झाली ती १९६१ पासून. २३ जून १९६१ रोजी साताऱ्याला सैनिक स्कूल सुरू झालं, देशातलं पहिलं. त्याच वर्षी कुंजपुरा, कपूरथळा, चित्तोडगड, जामनगर इथेही निघाली. संरक्षणमंत्री होते व्ही. के. कृष्ण मेनन आणि मुख्यमंत्री आपले यशवंतराव चव्हाण, देवराष्ट्र्याचे. दीड वर्षाच्या आतच यशवंतराव स्वतः संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले.

या शाळेमागचा विचार मात्र चांगला होता. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, सगळे त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. घरटी माणूस फौजेत. पण फौजेत म्हणजे कशात? शिपाई, नाईक, हवालदार, फार तर सुभेदार. अधिकारी यायचे ते इंग्रजी पब्लिक स्कूलमध्ये शिकलेल्या घरांतून. म्हणजे मरायला आमची पोरं आणि हुकूम सोडायला साहेबांची! ही तफावत कमी व्हावी, सामान्य घरातल्या मुलालाही पब्लिक स्कूलसारखं शिक्षण मिळून तो अधिकारी व्हावा, यासाठी सैनिक स्कूल काढलं गेलं. मुलींना तिथे जायला मात्र साठ वर्षं लागली. २०२१-२२ पासून सगळ्या सैनिक स्कूलांची दारं मुलींना उघडली.

याच साठच्या दशकात महाराष्ट्र सरकारनेही शासकीय विद्यानिकेतनं काढली. आपल्या भागाचं विद्यानिकेतन खटाव तालुक्यात पुसेगावला, सेवागिरी महाराजांच्या गावी. खेड्यातली हुशार पण गरीब मुलं निवडायची आणि त्यांना निवासी शाळेत उत्तम शिक्षण द्यायचं, हा हेतू. पुण्यात अप्पा पेंडशांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती खाजगी संस्था, पण विचाराची दिशा साधारण तीच. बुद्धिमान मुलं शोधा, घडवा, ती समाजाचं नेतृत्व करतील.

मग आलं १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. राजीव गांधी पंतप्रधान, पी. व्ही. नरसिंह राव शिक्षण खात्याचे मंत्री. प्रत्येक जिल्ह्यात एक नवोदय विद्यालय काढायचं ठरलं. प्रयोगादाखल पहिली दोन सुरू झाली त्यातलं एक आपल्या अमरावतीला. आपल्याकडे सांगली जिल्ह्याचं नवोदय पलूसला आणि साताऱ्याचं खावलीला. सहावीत ऐंशी जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी, किमान एक तृतीयांश मुलींसाठी. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं फुकट. नववीत गेल्यावर ३० टक्के मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवायचं, म्हणजे देश ओळखीचा होतो. खरं सांगायचं तर इतकी सुंदर योजना सरकारी कागदावर क्वचितच उतरते. पलूसहून शिकून गेलेली शेतकऱ्याची, गवंड्याची पोरं आज कुठेकुठे आहेत ते पाहिलं की ऊर भरून येतो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून काका नवोदयच्या विरोधात आहेत असं कुणीतरी म्हणायचं!

आता जरा या परीक्षांकडे बघू. नवोदयची परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले निम्मे गुण बुद्धिमत्तेला, उरलेले गणित आणि भाषेला. सैनिक स्कूलची सहावीची परीक्षा ३०० गुणांची, त्यात १५० गुण एकट्या गणिताला. गटात न बसणारी आकृती शोधा, आरशातली प्रतिमा, पाण्यातलं प्रतिबिंब, सांकेतिक भाषा, घड्याळाचे काटे... पालकांना हे सगळं आता पाठ झालेलं आहे, पोरांपेक्षा जास्त.

गंमत म्हणजे बुद्धिमत्ता चाचणी जन्माला आली ती हुशार पोरं निवडायला नव्हेच. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी ती तयार केली. शाळेत मागे पडणारी, जादा मदतीची गरज असलेली मुलं ओळखावीत म्हणून! पुढे अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ साली तिची नवी आवृत्ती काढली आणि असामान्य मुलं शोधायला ती वापरली जाऊ लागली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. म्हणजे मागे राहिलेल्याला हात देण्यासाठी केलेलं साधन पुढे असलेल्याला आणखी पुढे न्यायला कामी आलं. साधनाचा यात दोष नाही, पण हे लक्षात ठेवावं.

आणि ही चाचणी शिकवून सुधारते. आरशातली प्रतिमा शंभरदा काढलेला मुलगा एकशे एकाव्यांदा पटकन ओळखतो. यात त्याची बुद्धी किती आणि क्लासची फी किती, हे दोन तासांच्या पेपरातून कसं कळणार? हा प्रश्न एकट्या आपल्याला पडलेला नाही. इंग्लंडात १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं वेगवेगळ्या शाळांत वाटली जायची. चारातलं एखादं ग्रामर स्कूलला, बाकीची बहुतेक साध्या शाळेला. पुढे लक्षात आलं की ग्रामर स्कूलमध्ये मध्यमवर्गाची मुलं दाटीने आहेत आणि कामगारांची तुरळक. १९६५ साली मजूर पक्षाच्या सरकारने ही पद्धत मोडायला सांगितलं, तरी काही भागांत ती अजून आहे. न्यूयॉर्कमध्ये तर चार वर्षांच्या बाळांची परीक्षा घेत! तिथेही शिकवण्या निघाल्याच. शेवटी २०२१ साली ती परीक्षा बंद झाली. चार वर्षांचं मूल शिकवणीला... आपल्याकडे अजून तेवढं नाही, एवढंच समाधान.

आता आपल्या जिल्ह्याचा हिशेब मांडू. सांगली जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या सव्वाअठ्ठावीस लाखांच्या आसपास, तालुके दहा. नवोदयच्या जागा ऐंशी. सरासरीने तालुक्याला आठ. साताऱ्याचे तालुके अकरा, लोकसंख्या तीस लाख, जागा तितक्याच. आता या आठ पोरांत कोण बसतं?

नवोदयला एक अट आहे. पाचवी त्याच जिल्ह्यात झालेली असली पाहिजे. ग्रामीण कोट्यातून जायचं तर तिसरी, चौथी, पाचवी पूर्ण वेळ ग्रामीण शाळेत झालेली हवी. अट रास्त आहे. नाहीतर बाहेरच्या पोरांनी जागा भरून गेल्या असत्या. पण तीच अट आपल्याकडे कुणाला बाहेर ठेवते बघा.

पलूसच्या आसपास सगळा उसाचा मुलूख. ऊस तोडायला येणारी माणसं बीडकडची, तशीच आपल्याच जत-आटपाडीची. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन निघतात आणि हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, माणसालाच हत्याराचं नाव. त्यांची पोरं पाचवीचं निम्मं वर्ष एका जिल्ह्यात आणि निम्मं दुसऱ्या. साखरशाळा निघाल्या, शिक्षण हमी कार्ड आलं, शाळेत नाव टिकायची सोय झाली. पण परीक्षा कधी असतात? नवोदयची डिसेंबर-जानेवारीत, सैनिक स्कूलची साधारण जानेवारीत, स्कॉलरशिप एरवी फेब्रुवारीत. म्हणजे ऐन गळीत हंगामात! पोर फडात, हॉलतिकीट गावाकडे.

आमच्या शाळेत एका हंगामात अशीच एक मुलगी चौथीला येऊन बसायची. पाढे धड पाठ नव्हते. पण एका ट्रॉलीत किती मोळ्या बसल्या आणि मुकादमाने टन किती लावले, यातली तफावत ती तोंडी सांगायची, बापाच्या आधी. गुढीपाडव्याच्या सुमारास ती गेली. पुढच्या वर्षी ती टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली. नवोदयच्या पलूसच्या इमारतीपासून पाच-सात किलोमीटरवर त्यांच्या कोप्या होत्या. जी शाळा खेड्यातल्या गरीब हुशार मुलीसाठी काढली, तिच्या फॉर्मपर्यंत हीच मुलगी पोचली नाही.

दुसरं उदाहरण विट्याकडच्या गलाई कारागिरांचं. सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी खानापूर-आटपाडीची माणसं देशभर विखुरली आहेत, अगदी तामिळनाडू-केरळपर्यंत. काही जण पोरांना बरोबर नेतात, काही जण गावी आजी-आजोबांजवळ ठेवतात. ही मंडळी हाताशी पैसा राखून असतात, त्यामुळे त्यांना निवड करता येते. पोराला नवोदयला बसवायचं ठरलं तर तिसरीच्या आधी गावी आणून ठेवतात. नियम तोच, पण एका घराला तो आधी कळलेला असतो आणि दुसऱ्याला कधीच कळत नाही.

मला वाटतं, सगळी मेख इथे आहे. या परीक्षेत मुलाच्या हुशारीच्या आधी आईबापांची तयारी तपासली जाते. फॉर्म कधी सुटतो, शेवटची तारीख काय, जन्मतारखेची मर्यादा कुठली, मुख्याध्यापकांची सही कुठल्या नमुन्यावर, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, रहिवासी दाखला... पूर्वी नवोदयचा फॉर्म गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतून आणावा लागे, आता सगळं ऑनलाइन. कचेरीचा हेलपाटा वाचला, पण सेतूचा वाढला. आणि नवोदयच्या सहावीच्या प्रवेशाला संधी एकदाच. पाचवीत चुकली की ती चुकली.

नियमही सारखे हलतात. स्कॉलरशिप चौथी-सातवीला होती, ती २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली. आता २०२५-२६ पासून पुन्हा चौथी-सातवीला आली, आणि बदलाच्या त्या एका वर्षात चारही इयत्तांच्या परीक्षा ठरल्या. रक्कम मात्र २०२३-२४ पासून चांगली वाढली, वर्षाला पाच हजार आणि साडेसात हजार. सैनिक स्कूलची परीक्षा २०२१ पासून राष्ट्रीय चाचणी संस्था घेते. सैनिक स्कूलची फी आज वर्षाला लाखाच्या पुढे आहे, शिष्यवृत्ती मिळते ती उत्पन्न बघून. हे सगळं ध्यानात ठेवणारा बाप नोकरदार असतो किंवा शिक्षक असतो. रोजंदारीवरच्या बापाने हे कधी वाचायचं?

इथे एका वर्गाला मात्र मनापासून नमस्कार केला पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळांतले कितीतरी शिक्षक-शिक्षिका सकाळी शाळेच्या आधी दोन तास, संध्याकाळी शाळा सुटल्यावर दोन तास पोरांना घेऊन बसतात. एक पैसा घेत नाहीत. फॉर्म स्वतः भरतात, फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढतात, परीक्षेच्या दिवशी पोरांना गाडी करून केंद्रावर नेतात. खेड्यातल्या, शेतमजुराच्या पोराची निवड झाली की त्याच्यामागे बहुतेक वेळा असा एखादा शिक्षक असतो. सरकारची योजना खेड्यापर्यंत पोचते ती अशा माणसांच्या पायांनी. पण ज्या गावात असा शिक्षक नाही, किंवा होता आणि बदलून गेला, त्या गावातल्या पोरांचं नशीबही त्याच्याबरोबर बदलीला जातं.

आता निवड न झालेल्यांविषयी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी मुलांची चाळणी परीक्षा घ्यायला बंदी केली. नवोदयची परीक्षा तरीही चालू राहिली, कारण ती शाळाच त्या पायावर उभी आहे. ठीक आहे. पण ऐंशी सोडून जी हजारो मुलं परीक्षेला बसली, त्यांच्या हाती काय येतं? दहाव्या वर्षी घरात एकच वाक्य ऐकू येतं, 'नाही लागला.' मी वर्गात बघितलंय, निकालानंतर आठ-आठ दिवस पोरं फळ्याकडे बघत नाहीत. वर्षभर रविवार बंद, मामाच्या गावाला जाणं बंद, क्रिकेट बंद. इतकं करूनही शेवटी एक-दोन गुणांनी राहिलं की घरातलं वातावरण सुतकासारखं. पोर दहा वर्षांचं आहे हो! त्याची बुद्धी अजून उमलायची आहे. काही पोरं आठवीत जागी होतात, काही कॉलेजात. दहाव्या वर्षाचा पेपर त्या दिवसाचं सांगतो, पुढच्या पन्नास वर्षांचं नाही.

म्हणून माझं उत्तर असं. फॉर्म जरूर भरा. मुलाला आवडत असेल तर तयारीही करून घ्या. त्या आकृत्या, ती कोडी मजेशीर असतात, डोकं चालतं, गणित पक्कं होतं. मूल घर सोडून राहायला तयार आहे का, हे मात्र त्याला विचारा. अकराव्या वर्षी होस्टेलवर आनंदाने राहणारी मुलं असतात, तशीच रात्री उशीत तोंड खुपसून रडणारीही असतात, आणि दोन्ही हुशारच असतात. क्लासला वर्षाला वीस-तीस हजार घालायच्या आधी गावातल्या शाळेत कोणी जादा तास घेतं का, ते बघा. आणि मुलगी असेल तर तिचाही फॉर्म भरा. 'पोरीला कशाला लांब' म्हणत निम्मे फॉर्म घरातच राहतात. आणि निकाल लागायच्या आधीच घरात ठरवून टाका, की लागला तर पेढे आणि नाही लागला तरी पेढे.

एवढं आईबापांचं झालं. सरकारला सांगायचं ते वेगळंच. ऐंशी पोरांसाठी जिल्ह्यात एक उत्तम शाळा उभी करता येते, हे पलूसने आणि खावलीने दाखवून दिलं. पुरेसे शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान, पोटभर जेवण दिलं की खेड्यातलं पोर कुठेही कमी पडत नाही, हे या शाळांनी सिद्ध केलंय. मग तेच बाकीच्या शाळांना का नको? १९८६ च्या धोरणात तर या शाळा इतरांना वाट दाखवणाऱ्या असाव्यात, असंच म्हटलं होतं. वाट दाखवणारी शाळा पुढे जाऊन उभी राहिली, मागचे कुणी आलेच नाहीत, असं चाळीस वर्षांत झालंय. आणि निदान आपल्या साखरपट्ट्यात तरी परीक्षेच्या तारखा आणि जिल्ह्याची अट ठरवताना ऊसतोड मुलांचा विचार व्हायला हवा. दोन जिल्ह्यांत शिकलेल्या पोराला मूळ गावचा धरायला काय हरकत आहे?

भाऊरावांनी पोरं चाळली नाहीत, गोळा केली. त्यातून शिक्षक झाले, कलेक्टर झाले, आणि बरीचशी नुसती चांगली शेती करणारी, लिहिता-वाचता येणारी माणसं झाली. शेवटचं कुठल्या फ्लेक्सवर येत नाही, पण सातारा-सांगलीचा चेहरामोहरा त्यांनीच बदलला.

असो. नवोदयचा फॉर्म भरताना एक काम आणखी करा. मुलगा सध्या ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तिथे एक दिवस जाऊन या. किती शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत ते विचारा, ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप आहे का ते बघा, आणि शाळा व्यवस्थापन समितीची पुढची बैठक कधी आहे ते लिहून घ्या. ऐंशीत नाव येवो न येवो, गावातली बरीचशी पोरं तिथेच शिकणार आहेत.